ज्वाळा आणि धग : आग विझवण्याच्या पद्धतींची निवड

आगीच्या वेगवेगळ्या अवस्थांसाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत. ठिणगी, जाळ, भडका, विस्तव, निखारा, फुफाटा, धग यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही; जाळ डोळ्यांना दिसतो, धग अंगाला जाणवते, आणि फुफाटा वरून राखेसारखा शांत दिसत असला तरी त्यावर पडलेला पाय पोळतो. अग्निशमनाच्या शास्त्रात ज्या प्रश्नावर सगळ्यात जास्त चुका होतात तो प्रश्न याच भेदाशी येऊन थांबतो. ज्वाळा विझवणे आणि आग विझवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि कोणत्या आगीसाठी कोणते साधन वापरावे हे ठरवताना काय जळते आहे याच्या इतकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या जळणाऱ्या वस्तूत उष्णता किती खोलवर साठली आहे हे पाहावे लागते.

जळण, प्राणवायू आणि उष्णता या तीन गोष्टी एकत्र आल्या की आग लागते आणि यांपैकी एक काढून घेतली की ती विझते, हा अग्नित्रिकोण शाळेच्या पुस्तकातही असतो. पुढे त्यात चौथी बाजू जोडली गेली. ज्वाळेच्या आत रेणूंचे अत्यंत क्रियाशील तुकडे सतत तयार होतात आणि ते शेजारच्या रेणूंना फोडून ज्वलन पुढे नेतात. या क्रमाला शृंखला अभिक्रिया म्हणतात, आणि काही रसायने हे तुकडे अडवून ज्वाळा क्षणार्धात मारतात. त्यामुळे विझवण्याचे मार्ग चार ठरतात : थंड करणे, हवा तोडणे, जळण दूर करणे आणि शृंखला तोडणे. यांतील पहिला मार्ग धगेवर काम करतो, तर दुसरा आणि चौथा प्रामुख्याने ज्वाळेवर. तिसरा मार्ग सगळ्यात निर्धोक, पण तो प्रत्येक वेळी हाताशी असतोच असे नाही.

भारतीय मानकांनुसार आगीचे वर्ग अक्षरांनी ओळखले जातात. लाकूड, कागद, कापड यांसारख्या, जळताना निखारा धरणाऱ्या घन पदार्थांची आग ‘ए’ वर्गात, पेट्रोल, रॉकेल, रंग यांसारख्या द्रवांची ‘बी’ वर्गात, वायूंची ‘सी’ वर्गात आणि मॅग्नेशियम, सोडियम यांसारख्या धातूंची ‘डी’ वर्गात मोडते. स्वयंपाकाच्या तेलासाठी ‘एफ’ हा निराळा वर्ग नंतर आला. अमेरिकेत मात्र ‘सी’ म्हणजे विजेची आग आणि स्वयंपाकाच्या तेलासाठी ‘के’ हे अक्षर आहे. परदेशी चित्रफिती पाहून अग्निशामकाची माहिती घेणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ उडतो, आणि प्रसंगी तो महागात पडू शकतो. शिवाय ही अक्षरे जळण कोणते एवढेच सांगतात, धग कुठे दडली आहे हे सांगत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करणे रास्त, कारण थंड करण्याच्या बाबतीत सहज मिळणाऱ्या पदार्थांत त्याच्या तोडीचा दुसरा पदार्थ नाही. एक किलो पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळबिंदूपर्यंत तापताना सुमारे २९० किलोज्यूल उष्णता शोषते, पण त्याच पाण्याची वाफ होताना सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे साडेसात पटींहून अधिक उष्णता खेचली जाते. या दुसऱ्या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात. वाहून गटारात गेलेल्या पाण्याने आगीतली थोडीच उष्णता नेलेली असते. खरे काम केलेले असते ते वाफ होऊन गेलेल्या पाण्याने. बारीक तुषारांचा फवारा सरळ धारेपेक्षा अनेकदा सरस ठरतो तो यामुळेच. शिवाय एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते आणि बंदिस्त जागेत ती हवेला बाजूला सारते. हाच प्रसरणाचा गुण कढईतल्या तेलाच्या आगीत जीवघेणा होतो.

घन पदार्थांच्या आगीत पाणी अपयशी ठरते ते मुख्यतः पोहोचत नाही म्हणून. कापसाची गासडी हे याचे उत्तम उदाहरण, आणि खानदेश-विदर्भातील जिनिंग कारखान्यांना ते अनोळखी नाही. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे साधे पाणी गासडीवरून ओघळून जाते. तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा मात्र आतल्या धुमसण्याला पुरते. वरचा जाळ गेला म्हणून पाठ फिरवावी, तर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी तीच गासडी पुन्हा पेटते. म्हणून पाण्याचा पृष्ठताण कमी करणारे, साबणासारखे काम करणारे द्रव्य पाण्यात मिसळतात, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे गासड्या एकेक करून बाहेर ओढणे, सोडवणे आणि भिजवणे. हे काम वेळखाऊ आणि कष्टाचे आहे, पण त्याला पर्याय नाही.

कापूस आणि पाणी यांची ही विषम झुंज मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिली. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कराचीहून भरलेला कापूस आणि सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या कोठारात दोन्ही एकत्र होती. दुपारी धूर दिसला, नळ्या लागल्या, जहाजाच्या पोटात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले. पण दाट धुरामुळे आगीचे मूळ सापडलेच नाही आणि आत पाणी उकळू लागले तरी कापसाच्या गाभ्यातली धग उतरली नाही. चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट झाला, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत दुसरा. शेकडो माणसे मेली, गोदीलगतची वस्ती उद्ध्वस्त झाली, आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान कामावर असताना मृत्युमुखी पडले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. त्या दिवशी निष्ठा कमी पडली नाही, पाणीही कमी पडले नाही. निर्णय मात्र आगीच्या किती तरी आधी, कापूस आणि स्फोटके एका कोठारात रचली गेली त्या क्षणी, हातातून गेला होता.

याच जातीची, पण सावकाश चालणारी आग कचऱ्याच्या डोंगरात असते. मुंबईतील देवनारच्या कचराभूमीला जानेवारी २०१६ च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या चित्रांतही दिसला. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघत राहतो, थरांच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, आणि पाण्याने वरचा थर निवला तरी आतले धुमसणे चालू राहते. अशा ठिकाणी माती आणि राडारोडा टाकून हवा तोडणे आणि थर उकरून थोडा थोडा भिजवणे या दोन्ही गोष्टी बरोबर चालवाव्या लागतात. झारखंडमधील झरिया येथे कोळशाच्या थरांना लागलेली आग १९१६ पासून नोंदली गेली आहे आणि शतक उलटूनही ती पूर्ण विझलेली नाही. धगधगत्या कोळशावर अपुरे पाणी पडले तर हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांचे ज्वालाग्राही मिश्रण तयार होते, हा धोका वेगळाच.

ज्वालाग्राही द्रवांकडे वळले की हिशेब उलटा होतो. इथे जळतो तो द्रव नव्हे, त्याच्या पृष्ठभागावरची वाफ. धग वरच्याच थरात असते आणि ज्वाळा रोखली की आग संपते. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी निघत असते, म्हणून पाण्याने थंड करून ती थांबवण्याची आशा व्यर्थ. शिवाय पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने ते पाण्यावर तरंगते आणि धारेबरोबर आग गटारापर्यंत पोहोचते. यावरचा उपाय विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्सांद्र लोरान या रशियन शिक्षकाने शोधला. बाकूच्या तेलक्षेत्रातील आगी पाहून त्याने रासायनिक फेस तयार केला, जो तेलावर पांघरुणासारखा तरंगतो, हवा तोडतो आणि वाफही दाबून धरतो. १९६० च्या दशकात आलेल्या फ्लोरिनयुक्त फेसाने हे काम फार वेगाने होऊ लागले, कारण त्यातून सुटणारा पाण्याचा अतिशय पातळ पडदा तेलावर स्वतःहून पसरत जातो. मात्र या फेसातील काही रसायने निसर्गात जवळपास नष्टच होत नाहीत हे उघड झाल्यावर त्यांपैकी एक प्रमुख रसायन २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत घालण्यात आले आणि आता जगभर फ्लोरिनविरहित फेसाकडे वाटचाल चालू आहे. विझवण्याच्या साधनाने पुढच्या पिढ्यांचे पाणी नासवू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.

महाराष्ट्रापुरते पाहता इथे एक बाब अधिक लक्ष देण्यासारखी आहे. साखर कारखान्यांच्या आसवनींत इथेनॉलचे मोठे साठे असतात, आणि अल्कोहोल पाण्यात मिसळत असल्यामुळे ते साध्या फेसातले पाणी शोषून फेस मोडून टाकते. त्यासाठी अल्कोहोलरोधक फेस लागतो, ज्यातील बहुवारिक द्रव्य अल्कोहोलच्या पृष्ठभागावर चिकट पापुद्रा धरते. त्यातच इथेनॉलची ज्वाळा फिकट निळी असल्याने भर उन्हात जवळपास दिसत नाही. पेट्रोलपंपासाठी योग्य असलेला फेस आसवनीत आणून ठेवला, तर कागदोपत्री व्यवस्था पूर्ण असूनही आगीच्या वेळी ती निरुपयोगी ठरू शकते.

साठवण टाक्यांच्या बाबतीत कधी कधी विझवण्यापेक्षा राखणे महत्त्वाचे होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई बंदरातील बुचर बेटावर वीज पडून डिझेलच्या टाकीला आग लागली, तेव्हा ती काही दिवस जळत राहिली आणि शेजारच्या टाक्या पाण्याने थंड ठेवण्यावर मोठा भर राहिला. जयपूरजवळच्या सीतापुरा तेलसाठ्याला ऑक्टोबर २००९ मध्ये लागलेली आग तर आठवड्याहून अधिक काळ जळू देण्यात आली. बाहेरून पाहणाऱ्याला ही हतबलता वाटते, पण जळण संपू देणे हाही चार मार्गांपैकी तिसऱ्याचाच एक प्रकार आहे.

स्वयंपाकघरातील तेलाची आग द्रवाच्या आगीसारखी दिसते, पण तिच्यात धगही असते, आणि तिला निराळे अक्षर द्यावे लागले ते या दुहेरी स्वभावामुळे. कढईतले तेल साधारण साडेतीनशे अंशांच्या पलीकडे गेले की ठिणगीशिवाय आपोआप पेटते. या तापमानाला स्वयंप्रज्वलन तापमान म्हणतात. त्यावर तांब्याभर पाणी ओतले तर पाणी जड असल्याने तळाशी जाते, तिथे क्षणात वाफ होऊन हजारो पटींनी नाही तरी सतराशे पटींनी फुगते, आणि जळत्या तेलाचा भडका छतापर्यंत उसळतो. कोरड्या भुकटीने ज्वाळा मरते, पण तेल स्वयंप्रज्वलनाच्या तापमानावरच राहिल्याने भुकटी खाली बसताच पुन्हा पेट घेते. म्हणून हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत पोटॅशियमचे क्षार पाण्यात विरघळवलेले ओले रसायन वापरतात. ते तापलेल्या तेलाशी संयोग पावून साबणाचा फेसाळ थर करते, ज्याला साबणीकरण म्हणतात, आणि त्याच वेळी तेल थंडही करते. घरी हे साधन क्वचितच असते. तिथे गॅस बंद करून कढईवर तिच्या तोंडापेक्षा मोठे ताट किंवा परात बाजूने सरकवत झाकणे आणि तेल पुरते निवेपर्यंत ते न उचलणे हा सर्वोत्तम उपाय आहे. पेटलेली कढई उचलून मोरीकडे किंवा दाराकडे धावणे ही या आगीतली सगळ्यात घातक चूक होय, कारण हिंदकळलेले तेल आधी नेणाऱ्याच्याच अंगावर येते. आगीवर पीठ टाकणेही तितकेच चुकीचे, कारण हवेत उडालेले पीठ स्वतःच भपकन पेटते.

वायूच्या आगीचा नियम पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विचित्र वाटतो : जोवर गळती बंद करता येत नाही तोवर ज्वाळा विझवू नये. जळणारा वायू निदान जळून जात असतो. ज्वाळा विझली आणि वायू सुटतच राहिला, तर तो खोलीभर साचून एखाद्या ठिणगीने स्फोट घडवतो. स्वयंपाकाचा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, ओट्याखाली, पायऱ्यांवरून तळघरात उतरतो. वाहनांत वापरला जाणारा नैसर्गिक वायू मात्र हलका असल्याने वर छताशी जातो. त्यामुळे रेग्युलेटर बंद करणे हेच विझवणे ठरते, आणि नुसती गळती असेल तर दारे-खिडक्या उघडून, विजेचे एकही बटण चालू किंवा बंद न करता बाहेर पडणे आणि १९०६ या मदत क्रमांकाला कळवणे योग्य. ज्वाळांच्या तोंडी सापडलेला भरलेला सिलिंडर ही निराळी गोष्ट आहे. तिथे आतला द्रव उकळून दाब वाढतो, वरचा पत्रा तापून मऊ पडतो आणि टाकी फाटते. म्हणून अग्निशमन दल लांबून त्याच्या अंगावर पाण्याचा मारा करत राहते. तो मारा ज्वाळेवर नसून पत्र्याच्या धगेवर असतो.

विजेच्या आगीला भारतीय वर्गवारीत स्वतंत्र अक्षर नाही, आणि ते तर्काला धरून आहे. वीज जळत नाही; ती आग लावते आणि विझवणाऱ्याला धक्का देते. मेन स्विच बंद केला की उरते ती वायरच्या आवरणाची, लाकडाची, कागदाची आग. परंतु आजच्या घरांत मेन स्विच बंद करूनही इन्व्हर्टर विजेचा पुरवठा करतच राहतो आणि गच्चीवरचे सौर फलक उन्हात वीज तयार करतच राहतात, हे विसरून चालत नाही. वीज तोडता येत नसेल तेथे कार्बन डायऑक्साइड वापरावा, कारण तो वीज वाहून नेत नाही आणि मागे काहीही शिल्लक ठेवत नाही. मोनो-अमोनियम फॉस्फेटची भुकटी, जी ‘एबीसी’ या नावाने इमारतींत सर्वत्र टांगलेली दिसते, तीही विजेच्या आगीवर चालते, पण तिचा थर ओलावा धरून नाजूक यंत्रे गंजवतो. कार्बन डायऑक्साइडलाही मर्यादा आहेत : तो हवा बाजूला सारतो, धग जवळपास उतरवत नाही, आणि लहान बंद खोलीत माणसालाही गुदमरवतो.

संग्रहालये, संगणककक्ष, विमाने यांसाठी एके काळी हॅलॉन हा वायू आदर्श मानला जाई, कारण तो शृंखला अभिक्रिया तोडून अत्यल्प प्रमाणात ज्वाळा मारत असे. ओझोनच्या थराला त्यापासून होणारी हानी लक्षात आल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी १९९४ च्या आरंभी त्याचे उत्पादन थांबवले. त्याहून आधीची कार्बन टेट्राक्लोराइडची अग्निशामके तर तापल्यावर फॉसजीन हा विषारी वायू सोडत.

धातूंच्या आगीबाबत मोजकेच सांगण्यासारखे आहे, पण ते कटाक्षाने पाळण्याजोगे आहे. पेटलेले मॅग्नेशियम पाण्यातून प्राणवायू हिसकावून हायड्रोजन सोडते आणि कार्बन डायऑक्साइडमध्येही जळत राहते. सोडियम तर थंड पाण्याशीही भडकतो. म्हणून सुट्या भागांच्या कारखान्यांत जिथे मॅग्नेशियम किंवा टायटॅनियमचा कीस साचतो, तिथे पूर्ण कोरडी वाळू, मिठावर आधारलेली भुकटी किंवा ग्राफाइट हळुवारपणे पसरून आग झाकणे एवढाच मार्ग राहतो. वाळू ओलसर असेल तर तीच घात करते, म्हणून लाल बादल्यांतली वाळू पावसाळ्यानंतर तपासणे ही किरकोळ बाब नव्हे.

लिथियम-आयन बॅटरीने या सगळ्या वर्गवारीची परीक्षा घेतली आहे. नावात धातू असल्याने ती ‘डी’ वर्गात टाकण्याचा मोह होतो, पण तिच्यात धातुरूप लिथियम जवळपास नसतो. जळतो तो विद्रावक द्रव आणि त्यातून सुटणारे वायू. एका घटात बिघाड झाला की त्याचे तापमान अनावर वाढते, तो शेजारच्या घटाला तापवतो, आणि आग घटामागून घटाने पुढे सरकते. कार्बन डायऑक्साइड किंवा भुकटी मारली की ज्वाळा दबते, पण आतली रासायनिक धग तशीच राहते आणि मिनिटांनी, तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी बॅटरी पुन्हा पेटते. २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याच्या कडेला उभ्या दुचाकीने पेट घेतल्याची दृश्ये देशभर फिरली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी अधिक कडक सुरक्षा मानके टप्प्याटप्प्याने लागू झाली. विझवण्याचे उत्तर मात्र जुनेच आहे : भरपूर पाणी, दीर्घकाळ, आणि ते घटांपर्यंत पोहोचेल अशा रीतीने. धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असल्याने घरात जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी दुचाकी चार्ज करण्याची सवय धोक्याची आहे, कारण बाहेर पडण्याची वाटच आगीच्या ताब्यात जाते.

जिथे प्राणवायू मुबलक असतो तिथे सगळेच नियम कडक होतात. हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात चादरी आणि नळ्यांभोवती तो वाढला तर एरवी धुमसणारी वस्तू भडकते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून दहा बालके दगावली, तेव्हापासून अशा कक्षांच्या सुरक्षेचा प्रश्न राज्यात वारंवार उपस्थित झाला आहे. अशा ठिकाणी त्या विभागाची प्राणवायूची झडप कोणी, कोणाच्या आदेशाने आणि किती सेकंदांत बंद करायची हे आधी ठरलेले नसेल, तर भिंतीवरची अग्निशामके फारशी कामाला येत नाहीत.

माणसाच्या अंगावरचे कपडे पेटले तर धावणे थांबवून जमिनीवर लोळवणे आणि जाड लोकरी पांघरुणात गुंडाळणे योग्य. घोंगडी इथे उत्तम, कारण लोकर सहजी पेट घेत नाही, तर कृत्रिम धाग्याची चादर वितळून कातडीला चिकटते. ज्वाळा गेल्यावरही कातडीतली धग आत शिरत राहते, म्हणून भाजलेल्या भागावर वीस मिनिटे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, तूप यांचा लेप ती धग आत कोंडतो.

हातातल्या अग्निशामकाचा जोर दहा-वीस सेकंदांतच संपतो, त्यामुळे तो सुरू झालेल्या लहान आगीपुरताच असतो, आणि पाठीशी बाहेर पडण्याची वाट मोकळी ठेवूनच तो चालवावा लागतो. महाराष्ट्रात २००६ च्या आगप्रतिबंधक कायद्याखाली इमारतींतील व्यवस्था चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. ते यंत्रणेपुरते असते. त्या इमारतीतल्या माणसांपैकी किती जणांनी पिन काढून पाहिली आहे हे त्यात येत नाही.

पाणी, फेस, भुकटी यांपैकी काहीच हाताशी नसते ते सह्याद्रीच्या वणव्यात. माघ-फाल्गुनात गवत वाळले की डोंगरउतारावर जाळ वाऱ्याच्या वेगाने चढतो, आणि तिथे जळण दूर करणे हाच मार्ग उरतो. वनविभाग त्यासाठी उन्हाळ्याआधी गवत काढून किंवा नियंत्रित रीतीने जाळून उघड्या पट्ट्या तयार करतो. त्यांना जाळरेषा म्हणतात. वणवा लागलाच तर ओल्या फांद्यांनी कडा झोडपतात, आणि वारा अनुकूल असेल तर समोरून प्रतिवणवा लावून मधले गवत आधीच संपवतात. गवताची ज्वाळा अशी काही मिनिटांत सरते. पण जुने खोड, शेणाचा गोवर, वाळके मूळ आतून धुमसत राहते, आणि पहाटेच्या वाऱ्यात त्यातली एक ठिणगी जाळरेषेपलीकडे पडली की सगळे पुन्हा सुरू होते. म्हणून जाणते वनरक्षक जाळ संपल्यावर लगेच खाली उतरत नाहीत. रात्रभर काठीने खोडे उलथवत, हाताचा मागचा भाग राखेजवळ नेऊन धग चाचपत, मातीने एकेक निखारा बुजवत ते कडेकडेने फिरत राहतात.